मधली रेघ

"वाढतोय! बघा, वाढतोय!"

कुणीतरी ओरडलं आणि पत्र्याच्या छपराखालची दीडशे माणसं एकदम उभी राहिली.

खुर्चीत म्हातारा वॉल्टर डायक बसला होता. प्रार्थनेनं दुखणी घालवत गावोगाव फिरणाऱ्या ब्रदर एल्डननी गुडघे टेकून त्याच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलल्या होत्या. वॉल्टरचा डावा पाय दोन बोटं आखूड होता, हे पुढच्या रांगेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तोच पाय हळूहळू पुढे सरकत उजव्याच्या बरोबरीला आला. वॉल्टर ढसाढसा रडला. आपला पाय आखूड आहे हे सत्तर वर्षांत त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे आनंद दुप्पट झाला असावा.

तिसऱ्या रांगेत वर्ना होलोवॅटी तेवढी हाताची घडी घालून बसली होती. कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या त्या गावात बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग या खेळाचा हा हॉल म्हणजे तिचंच घर. उन्हाळ्यात खाली नुसती जमीन असायची. एकोणीस हिवाळे तिनं इथं बर्फ गोठवला, घासून सपाट केला, त्यावर रेघा आखल्या, आणि मग गावानं त्यावरून दगड सरकवले. चार वर्षांपूर्वी त्याच बर्फावर ती स्वतः आपटली. डाव्या मांडीचं हाड खुब्यात मोडलं. सर्जननं हाडाचं डोकं काढून धातूचा गोळा बसवला. "गोळा ज्यात फिरतो ती वाटी मात्र तुझीच ठेवलीय. अर्धाच सांधा बदललाय," तो म्हणाला होता.

"मग त्या वाटीचं काय?"

"धातू कूर्चेवर घासत राहणार. कधीतरी झिजेल, संधिवात होईल. मग बाकीचा अर्धाही बदलावा लागेल."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. वर्षातून एकदा एक्स-रे काढून बघत राहू."

त्या "सांगता येत नाही"बरोबर वर्ना चार वर्षं संसार करत होती. खोल सोफ्यावर बसायचं नाही, गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर. सगळं शिस्तीत चाललं होतं. फेब्रुवारीपासून मात्र उठताना जांघेत कळ यायला लागली. गुरुवारी सॅस्कटूनच्या दवाखान्यात एक्स-रे होता. हे तिनं फक्त मैत्रिणीला, ओरिसियाला सांगितलं होतं.

आणि ब्रदर एल्डननी डोळे मिटून हात वर केला.

"इथं एक बहीण आहे... तिच्या डाव्या खुब्यात धातू आहे... आणि ती गुरुवारला घाबरते आहे!"

वर्नाची हाताची घडी सुटली. दीडशे माना तिच्याकडे वळल्या. गावात कुणाच्या खुब्यात काय आहे, हे सगळ्यांना माहीत असतंच.

"जा ना गं," शेजारून ओरिसियानं कोपर मारलं. "त्यांनी तुला बोलावलंय."

वर्ना गेली. कशाला गेली, हे तिला नंतर कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "तुमची वाटी झिजत असती, तर तुम्हीही गेला असता."

ती खुर्चीत बसली. ब्रदर एल्डननी तिच्या टाचा उचलल्या. पांढरे दात, पांढरे बूट, आणि आवाज असा की पॅनकेकवर मध ओतावा.

"संशय म्हणजे गंज आहे, बहिणी! लोखंडाला गंज खातो, सांध्याला संशय खातो!"

"माझा गोळा गंजत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय," वर्ना पुटपुटली. कुणी ऐकलं नाही.

"बघा! डावा पाय बघा!"

वर्नानं मान पुढे काढून पाहिलं. डावा पाय खरंच आखूड दिसत होता. चांगला दोन बोटं. म्हणजे वाटी झिजलीच होती. म्हणजे संपलंच.

त्याच क्षणी जांघेत चिमटा बसला.

हा चिमटा तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी महिनाभर एकच पाठ घोकून घेत असे: "तुझ्या मधोमध एक रेघ आहे असं समज. डावा पाय त्या रेघेपलीकडे न्यायचा नाही. झोपेतसुद्धा नाही." वर्नानं चार वर्षांत ती रेघ ओलांडली नव्हती. आणि आत्ता तिचा डावा पाय रेघेच्या पलीकडे होता. ब्रदर एल्डननी दोन्ही पाय मिळून उजवीकडे वळवले होते. इतक्या अलगद, की खुब्यानं सांगितलं नसतं तर डोळ्यांना कळलंही नसतं.

"वाढ! येशूच्या नावानं वाढ!"

पाय सावकाश मधे आले. टाचा जुळल्या. चिमटा गेला. हॉल दणाणला.

"दुखणं गेलं?"

"गेलं," वर्ना म्हणाली. खोटं कसं बोलणार? खरंच गेलं होतं.

"मग गुरुवार कशाला? एक्स-रे काढणं म्हणजे देवाकडे पावती मागणं! इथंच, सगळ्यांसमोर फोन करून रद्द कर. केला नाहीस, तर घरी पोचायच्या आत पाय पुन्हा आखूड!"

ओरिसियानं पर्समधून फोन काढून तिच्या हातात दिला. नंबर लागला. पलीकडे यंत्र बोलू लागलं: निरोप ठेवा. वर्नानं ओठ उघडले. नाही बोललं तर गाव म्हणणार, हिनंच स्वतःचा पाय घालवला. बोललं तर भीतीतून सुटका, निदान वर्षभर.

तिनं फोन बंद केला.

"पुन्हा एकदा करा," ती म्हणाली. "फक्त जरा थांबा, मी माझी लोकर आणते."

गळ्यातल्या किल्लीनं तिनं सामानाची खोली उघडली. दर ऑक्टोबरात ज्या लाल लोकरीनं ती बर्फात मधली रेघ बसवत असे, तिचा गुंडा ती घेऊन आली. हॉलच्या दोन टोकांना जमिनीत तिचे खिळे होतेच.

"पाय उचला सगळ्यांनी. वॉल्टर, तूही. आता दोन्ही उचलता येतात ना?"

लोकर ताणून बांधली. खुर्ची बरोबर तिच्यावर ठेवली.

"या. आता वाढवा. पण दोन टाचांच्या मधे ही लोकर राहिली पाहिजे."

ब्रदर एल्डन हसले, पण दात जरा कमी दिसले. "देवाची परीक्षा घेऊ नये, बहिणी."

"देवाची कुठे घेतेय? खुर्चीची घेतेय."

"हिच्यात संशयाचा आत्मा शिरलाय!"

"खाली बस, वर्ना!" मागून कुणीतरी ओरडलं. "स्वतःचं झालं, आता दुसऱ्यांचं बिघडवू नकोस!"

वर्ना खाली बसली नाही. या माणसांसाठी तिनं एकोणीस हिवाळे बर्फ केला होता.

"ओरिसिया, बस इथं," ती म्हणाली.

"मला काही झालेलं नाही गं!"

"म्हणूनच बस."

वर्नाला गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून तिनं एक स्टूल ओढलं आणि मैत्रिणीच्या टाचा हातात घेतल्या. लोकरीच्या मधोमध धरल्या तेव्हा पाय सारखे. मग दोन्ही एकत्र, हळूच, उजवीकडे.

"अगं बाई, माझा डावा पाय!" ओरिसिया किंचाळली.

"आखूड झाला? थांब, देते." पाय मधे. "घे लांब. आता डावीकडे नेते. बघ, उजवा आखूड. कुठला हवाय? आज दोन्ही आहेत."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. लोक लोकरीवर वाकून बघू लागले. बाजूला गेलेले पाय आणि सरळ लोकर, दोन्ही शेजारीशेजारी दिसत होतं. आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"पण गुरुवारचं त्यांना कसं कळलं?" कुणीतरी विचारलं.

ओरिसियाचा चेहरा लाल झाला. "दारात प्रार्थनेचं कार्ड भरून घेतात ना... मी तुझ्यासाठी एक भरलं होतं, वर्ना."

ब्रदर एल्डननी सैतानाचा उद्धार केला आणि गाडी गाठली. निम्मे लोक त्यांना पोचवायला गेले, हेही सांगायला हवं. वॉल्टर मात्र तिथंच फुरंगटून बसला होता.

"मला बरं वाटत होतं ना! तुला काय गरज होती?"

"बरं वाटलं ते खरंच," वर्ना त्याच्याशेजारी बसली. "दीडशे माणसं आपल्यासाठी ओरडली की कळ थोडा वेळ गप्प बसते. माझीही बसली होती. पण वाटी टाळ्यांनी भरून येत नाही, वॉल्टर. आज फोन केला असता, तर ती आत झिजत राहिली असती आणि मी नाचत राहिले असते."

गुरुवारी ओरिसियानंच गाडी चालवली. डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा आणि आजचा एक्स-रे शेजारीशेजारी लावले. गोळा आणि वाटी यांच्यामधली फट जराशी कमी झाली होती.

"झीज सुरू झालीय. आज काही करायचं नाही. व्यायाम चालू ठेव, सहा महिन्यांनी ये."

बाहेर येऊन वर्ना गाडीत बसली. आधी बूड, मग दोन्ही पाय एकत्र. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"रडतेस?" ओरिसियानं विचारलं.

"थोडीशी. त्या माणसाचीच गोष्ट खरी निघाली असती, तर मला काय वाईट वाटलं असतं?" तिनं नाक पुसलं. "पण आता निदान माहीत आहे, किती आणि कुठे. चल, ऑक्टोबरात बर्फ करायचाय."

तेव्हा कुणी तुमचा पाय हातात घेऊन चमत्कार म्हणालं, तर रागावू नका, हसूही नका. दुखणाऱ्या माणसाला आशा वाटते, त्यात लाज कसली? फक्त आधी मधली रेघ आखा, आणि पाय तिच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. आणि जो माणूस तपासू नका म्हणतो, त्याला तपासल्याशिवाय सोडू नका.