मुंग्यांच्या घरचा भुंगेरा

रुख्माने शेताच्या धुऱ्यावर, बांधावर फावडं मारलं आणि मुंग्यांचं वारूळ उघडं पडलं. पांढरी पिल्लं तोंडात धरून मुंग्या सैरावैरा धावत सुटल्या. मधोमध एक तांबूस भुंगेरा मात्र निवांत बसला होता. पाच-सात मुंग्या त्याच्या फुगीर मिशा आवडीने चाटत होत्या, आणि तो त्यांचंच पिल्लू शोषत होता. रुख्माला शिसारी आली. तिने काडीने त्याला उचलून लांब फेकलं. मुंग्या गेल्या आणि मिशा धरून त्याला ओढत परत घेऊन आल्या. तिने दोनदा फेकला, त्यांनी दोनदा आणला.

"मरा मंग, बिनडोक हो!" ती थुंकली.

तिच्या घरातही एक पोसलेला होताच. अर्जुनीला नुकत्याच आलेल्या रेल्वेच्या गँगमधलं काम सोडून दुलीचंद घरजावई झाला होता. खायला काळ नि भुईला भार. पण जिभेवर साखर. "माय, तुया हातच्या भातापुढं मिठाई फिकी," म्हणायचा आणि शेळीचं दूध पिऊन टाकायचा. ते दूध नातीसाठी होतं. तिच्या लेकीला, प्रेमिलाला, अंगावरचं दूध नव्हतं. सात महिन्यांची पोर नुसत्या पेजेवर होती, अजून मान धरत नव्हती.

त्या दिवशीही लोटा रिकामाच दिसला. रुख्माने जावयाचं गाठोडं गल्लीत भिरकावलं.

"जवाई, जा आपल्या गावाले! माया नातीच्या तोंडचं खाऊन रायले तुमी!"

तो गेला. चार दिवस पोर पोटभर दूध प्यायली, चौथ्या दिवशी चक्क हसली. पाचव्या दिवशी प्रेमिला स्वतः जाऊन नवऱ्याला घेऊन आली.

"काऊन आनलं?"

"नवऱ्यानं टाकली म्हनून बाया बोलून रायल्या, माय. तुले का होते? तुया नवरा मेला. माया जिता आहे."

दुलीचंद ओसरीवर टेकला. गालफडं बसली होती.

"माय, तुयाबिगर मले कोन आहे?"

ती जीभ कसली, हे रुख्माला पक्कं ठाऊक होतं. पण तिला मुलगा नव्हता, आणि इतक्या मायेने तिला कोणी कधी माय म्हटलं नव्हतं. ती विरघळली, आणि त्याची तिला मनातून लाज वाटली. तरी तिने लोटा उचलला आणि सगळं दूध त्याच्या वाटीत ओतलं.

आत पोर रडत होती.

"पेज दे तिले," ती लेकीवर खेकसली.