शेजारचं मीठ

शेवटचा खिळा ठोकून विलियामे शिडीवरून उतरला आणि हातोडी त्याने पायरीवर ठेवली. वादळाने उडवलेला दुकानाचा पत्रा पुन्हा जागेवर बसला होता. त्याच्याबरोबरचे दोघे नळाखाली हात धूत होते. उनाइसीने ओसरीवर चटई अंथरून ठेवली होती. उकडलेला कसावा, नारळाच्या दुधातले मासे, किटलीभर चहा. कामाला आलेल्यांना जेवू घालायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या गावात तसंच असायचं, आणि याही गावात.

"बसा," ती म्हणाली.

विलियामे बसला नाही. पत्र्याकडेच पाहत म्हणाला,

"जेवण नको, दुकानबाई. घरी रांधलंय. साठ डॉलर झाले, तिघांचे मिळून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. साबणाची किंमत ती स्वतः ज्या आवाजात सांगायची, तोच हा आवाज होता.

ओसरीवर समोरासमोर उभे असूनही ती आत गेली, गल्ल्यातून पैसे काढले आणि काउंटरच्या जाळीतल्या छोट्या खिडकीतून बाहेर सरकवले. सवयीने. विलियामेने बाहेरून ते घेतले. मग तिघं शेजारी गेले, विलियामेच्याच घरी, आणि थोड्या वेळाने तिथून हसण्याचे आवाज येऊ लागले. याच तिघांनी काल देवळाचं छप्पर नीट केलं होतं, परवा गावातल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याचं घर. तिथे कुणी पैशाचा शब्द काढला नव्हता. तिथे ते जेवले होते आणि अंधार पडेपर्यंत यांगोना, मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय, पीत बसले होते.

चूक त्यांची म्हणावी तर तसंही नाही.

उनाइसीचं पहिलं दुकान तिच्या स्वतःच्या गावात होतं. ते बुडालं म्हणतात. खरं तर ते खाल्लं गेलं. मावशी यायची, "केरेकेरे" म्हणायची आणि पिठाची पिशवी उचलायची. चुलतभाऊ यायचा, केरेकेरे, साखर. हा शब्द उच्चारला की आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ती उधारी नसते. आज मी मागितलं, उद्या तू माग, एवढाच हिशेब. मावशीने बदल्यात टोपलीभर कसावा दिलाही असता. पण घाऊक व्यापारी कसावा घेऊन माल देत नाही.

मग लंबासा शहरात छोट्या धंद्यांचं शिबिर भरलं. तिथल्या बाईंनी फळ्यावर लिहून सांगितलं: दुकानाचे पैसे आणि घरचे पैसे वेगळे ठेवा. जे खपतं तेच भरा. फुकट आणि उधार पहिल्या दिवसापासून बंद, कारण नंतर बंद करता येत नाही. काउंटरला जाळी लावा. आणि जमलं तर, जिथे तुमचं कुणी नाही तिथे दुकान टाका. यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त सांगणाऱ्या बाईंना संध्याकाळी आपल्या घरी जायचं होतं.

नवरा गेलेला, मुलगी सुव्हाला कॉलेजात. उनाइसी इथे आली. गावच्या प्रमुखापुढे रिवाजाप्रमाणे यांगोनाची मुळी ठेवली. सिडनीला निघून गेलेल्या एका माणसाचं पत्र्याचं दुकान भाड्याने घेतलं. पहिल्याच आठवड्यात विलियामेची बायको केलेरा आली, हसत हसत म्हणाली, "केरेकेरे, माशाचा एक डबा." उनाइसीने जाळीमागून सांगितलं, किंमत लिहिलेली आहे.

केलेराचं हसू तसंच राहिलं. "असं होय," ती म्हणाली. "आम्हांला वाटलं शेजारीण आली. दुकान आलंय होय."

त्यानंतर तिने कधी काही मागितलं नाही. बंद मुठीत नाणी घेऊन यायची, मोजकीच, आणि खिडकीत मूठ उघडायची. सगळं गावच मग तसं येऊ लागलं.

दुकान चाललं. शीतपेटी आली, मुलीची फी वेळेवर जाऊ लागली. तापाने फणफणून उनाइसी आत पडून होती तेव्हा लोकांनी जाळी वाजवली, वाट पाहिली, आणि ओढ्यापलीकडच्या दुकानात गेले. आत कोण आहे, कसं आहे, कुणी वाकून पाहिलं नाही. जेवणाच्या वेळी रस्त्याने कुणीही चाललं तर घराघरांतून हाक येते, ये, जेव. तिलाही यायची. ती रीत असते. हाक मारून झाली की माणसं ताटाकडे वळायची.

संध्याकाळी मासे तसेच पातेल्यात होते. फळीवर मिठाच्या पुड्या ओळीने लावलेल्या होत्या. उनाइसी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने एक रिकामी वाटी उचलली आणि शेजारी गेली.

केलेरा दारात नारळ खवत होती.

"काय दुकानबाई, पैसे जास्त दिलेत का आमच्या माणसाला?"

"केरेकेरे," उनाइसी म्हणाली. "थोडं मीठ दे."

आत विलियामे बोलता बोलता थांबला. केलेराचा हात खवणीवर थबकला.

"तुमच्याकडलं संपलं?"

"नाही."

"मग?"

उनाइसीने वाटी पुढेच धरून ठेवली. ज्याने मागितलं, त्याच्याकडे मागता येतं. हे दोघींना ठाऊक होतं. शिबिरातल्या बाईंनाही ठाऊक असणार.

केलेरा उठून आत गेली. मिठाची पुडी घेऊन आली. उनाइसीच्याच दुकानातली, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. वाटी भरली.

सकाळी उनाइसीने दुकान उघडलं तेव्हा केलेरा जाळीसमोर उभी होती. दोन्ही हात काउंटरवर, उघडे. तिच्या मागे थोड्या अंतरावर तिची जाऊ आणि आणखी दोघी उभ्या होत्या, बसची वाट पाहावी तशा. त्या वेळी कुठलीच बस नसते.

"अगं उनाइसी," केलेरा म्हणाली. या गावात तिचं नाव पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. "केरेकेरे. माशाचा डबा दे. आणि पीठ."

उनाइसीने मागच्या भरलेल्या फळ्यांकडे पाहिलं. मग रस्त्यावरच्या त्या तिघींकडे. महिनाअखेरीला मुलीची फी होती.

डबा तिने खिडकीतून सरकवला नाही. जाळीच्या कडेला एक दार होतं. ते लावल्यापासून कधी उघडलेलं नव्हतं. तिने कडी ओढली, पण समुद्राच्या हवेने ती गंजून बसली होती. आतून तिने ओढलं, बाहेरून केलेराने खांदा लावला. दोघींना जोर लावावा लागला.