भोपळ्याच्या पोटातलं विष

बुधवारी अंगणवाडीत लसीकरण झालं, की गुरुवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या कांदाचाळीत जत्रा भरायची. हसनाबादच्या आसपासच्या वस्त्यांवरून बाया यायच्या, कडेवर किरकिरणारी लेकरं. कुणाची मांडी सुजलेली, कुणाचं अंग कोमट. मधोमध गादीवर विषहारी महाराज.

महाराज लेकराच्या मांडीला ओली हळद चोपडत, तांब्याच्या गडव्यातल्या तीर्थात बोटं बुडवत, डोळे मिटून पोटातून हुंकार काढत आणि हात फिरवत. हळद डोळ्यांदेखत लालभडक व्हायची. ओघळ खाली यायचा आणि गर्दीच्या तोंडून एकच ‘अगं बाई’ निघायचं.

“बघ माय, सुईचं विष,” महाराज म्हणायचे. “ते भरतात, मी काढतो. आता पुन्हा टोचू नको. पुढचे सगळे रोग मी इथंच बांधले.”

आणि लेकराच्या मनगटावर काळ्या दोऱ्याची गाठ मारायचे. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, सगळे त्या एका गाठीत. आमच्या एसटीतसुद्धा एवढी दाटी नसते.

ताप शुक्रवारी उतरायचाच. तो महाराजांशिवायही उतरतो, बहुतेक लेकरांचा एक-दोन दिवसांत उतरतो, हे लस टोचणाऱ्या सिस्टर दर वेळी सांगायच्या. पण ऐकतं कोण? ज्या बुधवारी ताप चढायचा, त्या बुधवारी महाराजांचं मौन असायचं. वैद्यानं मुहूर्त साधावा तर असा.

हे सगळं मी अडीच-तीन वर्षं पाहत आलो आणि गप्प राहिलो, कारण माझं नाव साहेबराव. गावात थापाड्या म्हणून माझी ख्याती. पूर्णेच्या पुरात मगरीवर बसून मी भोकरदनच्या बाजाराला गेल्तो, आणि येताना तिनं दुसरी सवारी घेतली म्हणून पायी आल्तो, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या तोंडून खरं निघालं तरी लोक हसतात. म्हातारपणी माणूस भांडणाला कंटाळतो, हसण्याला त्याहून जास्त.

मगरीच्या गोष्टीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक आमच्या गल्लीतल्या नंदाबाईची नात, आकांक्षा. वय तीन. “मगर काय खायची?” हे ती रोज विचारायची आणि मी रोज नवं सांगायचो. यंदा वस्तीत गोवर आला आणि तिला धरून बसला. पुरळ उठलं, मग छाती भरली, कान वाहायला लागले. नंदाबाईनं तिला जालन्याच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा गाडीत चढवताना मला तिच्या मनगटावरचा काळा दोरा दिसला. गाठ शाबूत होती.

त्याच दुपारी मी शेजारच्या मेहरुन्निसाबींच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांची नात मदीहा नऊ महिन्यांची झालेली, गोवराची सुई घ्यायची वेळ आलेली. सून गजाला तयार होती. मुलगा मुझफ्फर ‘अम्मी म्हणतील तसं’ म्हणून ट्रकवर निघून गेलेला. अम्मी म्हणत होत्या, नाही. मदीहाच्या मांडीतून आलेलं लाल विष त्यांनी मागं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मदीहा रांगत रांगत माझ्याकडे आली. गुडघा खरचटलेला, त्यावर गजालानं हळद लावलेली. मी नुकताच तंबाखूला चुना मळला होता. तशाच हातानं तिला उचललं आणि गुडघ्यावर माझा अंगठा लाल उमटला.

मेहरुन्निसाबींनी पोरगी हिसकावून घेतली. मी हात पुढं केला, अंगठ्यावरचा चुना दाखवला, हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे सांगितलं.

“साहेबरावभाई,” त्या म्हणाल्या, “तुमी जिंदगीभर थापा मारल्या. आज मी कोणत्या हिशोबानं खरं मानू?”

बराबर होतं त्यांचं. मंग मी ठरवलं, थापाड्यानं थापच मारावी.

गुरुवारपर्यंत मी गावभर केलं की, मला स्वप्नात दृष्टांत झाला आणि विष उतरवायची विद्या मिळाली. गुरुवारी सकाळी बगलेत भला मोठा भोपळा घेऊन चाळीत गेलो. लोकांनी करमणूक म्हणून वाट दिली. मी भोपळ्याला हळद चोपडली, माझ्या तांब्यात बोटं बुडवली, महाराजांहून लांब हुंकार दिला. भोपळ्यावरून लाल ओघळ आला.

“आता सांगा,” मी म्हणालो, “याला कोणत्या अंगणवाडीत सुई दिल्ती?”

लोक पोट धरून हसले. मला वाटलं, जिंकलो. पण महाराज मुरलेले. ते गंभीरपणे म्हणाले, “भोपळ्यातही विष असतंच, भक्तहो. युरियाचं. साहेबरावांना खरंच विद्या मिळाली.”

आणि लोकांनी माना डोलावल्या. एक बाई आपलं लेकरू घेऊन माझ्या रांगेत उभी राहिली. असा थकवा मला कधी आला नव्हता. मी भोपळ्यावरच टेकलो.

तेवढ्यात गर्दीतून मेहरुन्निसाबी पुढं आल्या, कडेवर मदीहा. त्यांनी महाराजांच्या गडव्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. महाराज ‘अहो, अहो’ करत राहिले. बींनी तोंड वाकडं केलं, पदरानं जीभ पुसली.

“हे तीर्थ न्हाई. चुन्याची निवळी आहे,” त्या म्हणाल्या. “हयात गेली माझी पान लावण्यात. चुना मला कोण शिकवून राह्यलं?”

मग त्यांनी समोरच्या लेकराच्या मांडीवर नुकतीच चोपडलेली हळद आपल्याजवळच्या बाटलीतल्या पाण्यानं भिजवली. हळद पिवळीची पिवळी राहिली. त्याच हळदीवर गडव्यातलं पाणी शिंपडलं. लाल.

“महाराज, विष लेकरात आहे का तुमच्या गडव्यात?”

कुणी हसलं नाही. महाराजांनी गडवा उपडा करायला हात घातला, पण तो बींनी धरून ठेवला होता. दुपारी महाराज मौनात गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं अंबडकडे.

पुढच्या बुधवारी मदीहानं सुई घेतली. रडून अंगणवाडी डोक्यावर घेतली आणि बिस्कीट मिळाल्यावर विसरली. रांग बऱ्यापैकी लांब होती. सगळे आले नव्हते. काहीजण म्हणतात, हा महाराज खोटा होता, खरा दुसरीकडे असेल.

तर बाबांनो, मी म्हातारा झालो, मला फार बोलवत नाही. हळद आणि चुना तुमच्या घरात आहे. आजच करून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. सुईचा ताप दोन दिवसांचा पाहुणा आहे, जायलाच आलेला असतो. गोवर जाताना घरातलं काहीतरी घेऊन जातो. लेकरांच्या सुया वेळेवर द्या. चुकली असेल तर सिस्टरला विचारून आता द्या.

आकांक्षा जालन्याहून परत आली. बरी झाली, अंगही धरतेय. फक्त कानानं कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलंय. रोज येऊन बसते आणि विचारते, मगर काय खायची? मी सांगतो. ती कान पुढं करते. मग मी तीच थाप ओरडून सांगतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं, आणि तिच्याकडे बघतो, पोचली का.