अडायची जागा

नाटकाची वही परत द्यायची आणि आल्या पावली घरी जायचं, असं ठरवूनच वहिनी तालमीच्या खोलीत शिरल्या. दादांना जाऊन दोन महिने झाले होते. पंचवीस वर्षं दादा या हौशी मंडळीत म्हाताऱ्या बापाचं काम करत आणि वहिनी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत. दादांचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंदच. शेवटच्या अंकात बाप मरणाला टेकतो, दोन्ही मुलं उशापायथ्याशी उभी असतात, आणि नेमकं शेवटचं वाक्य दादांना कधी म्हणजे कधी आठवत नसे. ते मान वळवून विंगेकडे बघत, वहिनी वाक्य पुरवत. "मरायलासुद्धा बायको लागते याला," असं मंडळी चिडवायची.

हसण्यावारी नेलेली ती गोष्ट खरी झाली. दवाखान्यात दादांची वाचा गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी तशीच मान वळवली आणि ते वहिनींकडे बघत राहिले. वहिनींना काही सुचलंच नाही. त्या नुसत्या बघत बसल्या आणि तेवढ्यात सगळं संपलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. उभा जन्म त्या माणसाला वाक्यं पुरवली आणि ऐन वेळी आपण दगड झालो, याची त्यांना लाज वाटत होती.

नाटक बसवणारा गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवस तेवढी वही धरा. उद्यापासून बघू दुसरं कुणी." नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून त्या बसल्या.

बापाचं काम आता पोस्टमनकडे होतं. गावभरचे पत्ते तोंडपाठ असलेला माणूस, कुठे म्हणून अडला नाही. शेवटच्या वाक्यापाशी मात्र तो थांबला आणि मान वळवून बघू लागला. वहिनींचं बोट ओळीवरच होतं. पण ती ओळ त्यांना वाचून दाखवता येईना.

"अरे, येत नाही का तुला?" गॅरेजवाला वैतागला.

"येतं की. पण इथे थांबायचं असतं ना? दादा थांबायचे."

"त्यांना आठवायचं नाही, शहाण्या."

"छे. चांगलं पाठ होतं. मला म्हणाले होते, वाक्याचं काय घेऊन बसलास, ती बोलली की धीर येतो."

वहिनींनी ओळीवरचं बोट उचललं. म्हणजे त्या दिवशी काहीही चाललं असतं. पाणी हवंय का, पांघरूण घालू का, काहीही.

"मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही हो," त्या म्हणाल्या आणि दवाखान्यातलं सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

  पोस्टमन पुन्हा खाटेवर आडवा झाला.

"वहिनी, मी अडलोय," तो म्हणाला आणि त्याने मान वळवली.

वहिनींनी वही मिटली. कुजबुजल्या नाहीत, मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "बसा रे सगळे. घाई कुणाला आहे?"

बापाचं शेवटचं वाक्य तेच होतं, आणि वहिनींच्या मागून पोस्टमनने ते म्हणायचं होतं. त्याला ते म्हणता आलं नाही. नाटकात दोघा मुलांनीच बसायचं असतं, पण खोलीतले झाडून सगळे खाली बसले, आणि वहिनींचं रडून होईपर्यंत कुणी उठलं नाही.