गळपट्टीची घडी

पार्तिनाहच्या हाताला घडीची सवय लावली ती तिच्या आईनं. आई बाजारात बाटिकची कापडं विकायची. संध्याकाळी दुकान आवरताना एकेक कापड मांडीवर घ्यायची, तळव्यानं सुरकुती उतरवायची आणि म्हणायची, "कापडाला निजवावं गं, लटकवू नये. लटकलेलं कापड फाशी गेल्यासारखं दिसतं."

मेरापी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इस्पितळात हृदयाच्या शिरा तपासायची खोली उघडली, तेव्हा पार्तिनाह तिथली मोठी नर्स झाली, सगळ्यांची 'बू', म्हणजे बाई. क्ष-किरणांपासून अंग राखायला शिशाचे जड एप्रन आले, गळ्याभोवती बांधायच्या शिशाच्या पट्ट्या आल्या. आणून देणारा माणूस जाता जाता दारातून म्हणाला, "बू, यांची घडी घालायची नाही हं. टांगूनच ठेवा." विकणारी माणसं जाताना काहीतरी सांगतातच, तशी तिनं मान हलवली. खुंट्यांवरचे ते काळे एप्रन तिला बघवेनात. त्याच संध्याकाळी तिनं ते उतरवले, कपाटात निजवले, आणि वर गळपट्ट्या ठेवल्या, रुमालासारख्या चौघडी.

"बू पार्तिनाहचं कपाट म्हणजे नवरीची पेटी," डॉक्टर कौतुकानं म्हणायचे.

विगाती त्या खोलीत आली ती पुढे काही वर्षांनी. हसरी पोर. आपली गळपट्टी चटकन सापडावी म्हणून तिनं तिच्या कडेला लाल दोरा टाचला होता. मेजावर रोगी जागाच असायचा, भेदरलेला; त्याच्या उशाशी उभी राहून ती हळूच गायची:

हळू हाक होडी, नदीच्या पाण्यात
मासोळी झोपली, चंद्राच्या कुशीत

रोग्याच्या मुठी सैल पडायच्या. पार्तिनाहही आत आत सैल पडायची. तिला लेक नव्हती. विगातीला ती "न्दुक" म्हणायची, आपल्याच पोरीला हाक मारावी तसं.

मग विगातीच्या गळ्यात गाठ आली. वाईट गाठ. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच काढून टाकावी लागली. जीव वाचला, आवाज मात्र गेला. नारळाची सुकी झावळी अंगणातून ओढत न्यावी, तसं ती बोलायला लागली. किरणांनी झालं का, असं तिनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झालं असेल, नसेलही. इतक्या थोड्या किरणांचा माग काढता येत नाही."

ती रजेवर होती तेव्हाच तपासनीस आला, द्विजा नावाचा, शांत माणूस; सगळे त्याला 'पाक', म्हणजे साहेब, म्हणत. त्यानं गळपट्ट्या एकेक करून यंत्राखाली ठेवल्या. लाल दोऱ्याची पट्टी पडद्यावर आली. काळ्या शिशात मधोमध उजेडाच्या दोन भेगा होत्या, एक उभी, एक आडवी. अगदी चौघडीच्या जागी.

"यांची घडी कोण घालतं?"

पार्तिनाहनं स्वतःचा आवाज ऐकला, "जुन्या झाल्यात, पाक. झिजल्या असतील."

जुन्या पट्ट्या गेल्या, नव्या आल्या, भिंतीला आणखी खुंट्या ठोकल्या गेल्या. पण त्या दोन भेगा पार्तिनाहच्या डोळ्यांतून जाईनात. पुढे रोज्यांचा महिना लागला. दिवसभराच्या उपासानंतर सूर्य बुडाला की पाण्याचा पहिला घोट घेताना तिच्या मनात यायचं: हा घोट विगातीला कसा उतरत असेल?

ईद झाली. इस्पितळाच्या अंगणात दरवर्षीसारखी माफीची रांग लागली. एकेकानं पुढे सरकायचं, हात हातात घ्यायचा, "बाहेरचं-आतलं सगळं माफ करा" म्हणायचं, की पुढचा. काय चुकलं ते कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही.

रुग्णवाहिकेचा चालक कार्यो पुढे आला. "बू, सगळ्या चुका माफ करा. तुमचा डबा खाल्ला तीसुद्धा."

"माझा डबा? कधी?"

"केलंत ना माफ? मग आता विचारायचं नाही!" रांग खदखदून हसली.

त्याच्यामागे विगाती होती, गळ्याभोवती फिकट हिरवी ओढणी घट्ट गुंडाळलेली. तिनं पार्तिनाहचा हात कपाळाला लावला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "शून्य-शून्य हं, बू."

पार्तिनाहनंही उलट एवढंच म्हणायचं होतं, शून्य-शून्य. तुझं माझं फिटलं. तेवढं म्हटलं असतं तर सगळं धुऊन निघालं असतं, आणि विगातीला कधीच कळलं नसतं की आपण काय माफ केलं. पार्तिनाहनं तिचा हात सोडला नाही.

"थांब, न्दुक. आधी ऐक. त्या गळपट्ट्यांची घडी मी घालत होते. घडीनं आतलं शिसं चिरतं. तुझी चिरली होती."

"लाल दोऱ्याची?"

"तीच."

"घडी घालू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. आणि तपासनिसानं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

रांग थबकली. विगातीनं हात काढून घेतला.

"सासू म्हणते, गाण्यानं झालं," ती म्हणाली. "मरणाच्या दारातल्या माणसांपुढे गात होते, म्हणून गळ्यानं भोगलं. मलाही ते खरंच वाटलं, बू. घरी लेकाला निजवतानासुद्धा मी गुणगुणत नाही."

"गाण्यानं नाही गं! आणि पट्टीनंच झालं असंही कुणी..."

"ते तुम्ही नका सांगू." विगातीचा आवाज चिरकला. "डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकेन. तुमच्या तोंडून नको."

पार्तिनाहनं मान खाली घातली. मग विगातीच पुन्हा बोलली, रागानं.

"तुमच्या पट्टीचीही घडी तुम्हीच घालत होतात. गळा दाखवलात कुणाला?"

"नाही."

"का? तुम्हालाही व्हावं, म्हणून वाट बघत होतात?"

विगाती पुढे झाली, दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली. बोटं गार होती.

"गिळा."

पार्तिनाहनं गिळलं.

"पुन्हा."

पुन्हा गिळलं. अख्खी रांग बघत होती.

"हाताला काही लागत नाही," विगाती म्हणाली. "तरी तपासून घ्या. आणि मघाचं शून्य-शून्य मी परत घेते, बू. मला वेळ लागेल."

ती पुढच्या माणसाकडे सरकली. पार्तिनाह स्वतःचा गळा चाचपत उभी राहिली. काही नव्हतं तिथं.

दुसऱ्या दिवशी पार्तिनाहनं पाक द्विजाला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. इस्पितळानं तिच्याकडून त्या खोलीची जबाबदारी काढली. आता ती तिथंच नुसती दुसऱ्यांच्या हाताखाली काम करते. विगातीला त्या खोलीच्या काचेबाहेरचं काम मिळालं, रोग्याला आत नेण्याआधी तयार करण्याचं. दोघींमध्ये कामापुरतं बोलणं.

एका सकाळी एक म्हातारा थरथरत होता. पार्तिनाह आतल्या बाजूला नव्या पट्ट्या खुंटीवर टांगत होती. उघड्या दारातून तो खरखरीत आवाज आला: हळू हाक होडी... 'चंद्राच्या'वर तो फाटला, थांबला, आणि तिथूनच पुन्हा निघाला.

शेवटची पट्टी टांगून झाली होती. पार्तिनाहच्या हातांना करायला काही उरलं नव्हतं. ते तसेच लोंबते ठेवून ती ऐकत राहिली.