साडूंच्या ट्रेमधला उंदीर

मिलीग्रॅम हे नाव त्यांना धाकट्या साडूंनी ठेवलं होतं. तोंडावर कुणी घेत नसे, पण अख्खी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखायची. जन्म सगळा औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलेला. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. चहात साखर घालताना ते चमचा डब्याच्या काठावर घासून सपाट करत, आणि बायको भाजीत अंदाजाने मीठ टाकायची तेव्हा तोंड फिरवून घेत.

धाकटे साडू वरच्या मजल्यावर राहायचे. मोटार शिकवण्याच्या शाळेत ते शिकवत. शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची इतकी सवय, की घरी सोफ्यावर बसले तरी मधूनच त्यांचा पाय जमिनीवर करकचून दाबला जाई. म्हणून मिलीग्रॅमनी त्यांचं नाव ब्रेक ठेवलं. फिटंफाट झाली. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एकमेकींवाचून पान न हलणाऱ्या. नवऱ्यांचं मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य. भांडण म्हणाल तर कधीच नाही, दोघंही सभ्य. ते फक्त एकमेकांच्या चुका दाखवत, आणि त्याही “साडूभाऊ, राग मानू नका हं” अशी सुरुवात करून.

इमारतीतल्या हौशी लोकांनी गच्चीवर भाज्या लावायचं ठरवलं, तेव्हा बियांपासून रोपं कशी करायची हे दाखवायचं काम सेक्रेटरीबाईंनी मिलीग्रॅमवर सोपवलं. “ट्रेमध्ये तयार केलेली रोपं रविवारच्या बैठकीत दाखवा. तुमच्याइतकं काटेकोर आहे कोण?” त्या म्हणाल्या. हे ऐकून ब्रेकनीही त्याच दिवशी टोमॅटोचं बी आणलं.

मिलीग्रॅमनी ट्रे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवला. नारळाच्या काथ्याचं कोकोपीट आणि गांडूळखत चाळून घेतलं, मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत भिजवलं. प्रत्येक कप्प्यात पेन्सिलीच्या टोकाने खळगा, त्यात चिमट्याने सोडलेल्या दोन बिया, वर चाळणीने भुरभुरवलेली मातीची चादर. त्यावर पारदर्शक झाकण घालून ट्रे उबेसाठी फ्रीजच्या डोक्यावर ठेवला. बायकोला फ्रीजचं दार हळू उघडायची ताकीद मिळाली.

ब्रेकनी गच्चीच्या कोपऱ्यात पडलेला जुना ट्रे उचलला, हाताला लागेल ती माती भरली, बी मूठभर टाकलं आणि ते कामावर गेले.

मिलीग्रॅमचं बी उगवलं. ट्रे खिडकीत आला. हिरवे, नाजूक कोंब पाहून त्यांचा ऊर भरून आला. कोंबांना ऊब कमी पडू नये म्हणून त्यांनी झाकण तसंच ठेवलं, आणि सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून फवारणीच्या बाटलीने ते पाण्याचा तुषार सोडू लागले. शेजारीपाजारी बघायला येत. ब्रेकही यायचे. त्यांचं स्वतःचं बी पाण्यावाचून कधीच करपलं होतं, पण विचारलं की ते म्हणत, “येतायत, येतायत.”

मग एके दिवशी मिलीग्रॅमना ट्रेच्या मागच्या ओळीतले काही कप्पे रिकामे दिसले. रोपं मुळासकट गायब. त्यांनी चष्मा लावून तपासणी केली.

“उंदीर,” त्यांनी निदान केलं.

“मुळासकट खातो?” बायकोने विचारलं.

“कोवळी मुळं गोड असतात. तुला काय कळतंय त्यातलं?”

ब्रेकना हे कळल्यावर त्यांनी लगेच वरून स्वतःचा सापळा आणून दिला. “साडूभाऊ, राग मानू नका हं, पण खिडकी उघडी टाकता तुम्ही,” ते म्हणाले. सापळ्यात पावाचा तुकडा लावताना त्यांचा पाय दोनदा जमिनीवर दाबला गेला. मिलीग्रॅमना वाटलं, आपल्या नुकसानीचं ह्या माणसाला खरंच वाईट वाटलंय.

उंदीर काही सापडला नाही. पण गच्चीवर चमत्कार झाला. ब्रेकच्या ट्रेमध्ये, इतके दिवस ओसाड पडलेल्या त्या मातीत, रोपं उभी राहिली. उन्हावाऱ्यात ती दिवसेंदिवस बळकट होत गेली. देठ आखूड आणि जाड, पानं गर्द. मिलीग्रॅमची रोपं मात्र खिडकीकडे माना लांब करून फिक्कट पडत चाललेली. त्यांनी गच्चीवर जाऊन ब्रेकचा ट्रे नीट पाहिला आणि म्हटलं, “साडूभाऊ, राग मानू नका हं, पण वाऱ्यात ठेवलीत. मोडणार.”

बैठकीच्या आदल्या सकाळी मिलीग्रॅमनी झाकण उचललं. रोपं आडवी झाली होती. मातीलगत प्रत्येकाचा देठ सुतासारखा बारीक होऊन पिचला होता. पानं अजून हिरवीच होती, त्यामुळे जास्तच वाईट दिसत होतं. रोग त्यांना लगेच ओळखू आला. बुरशी. अति ओल आणि कोंदट हवा. आजवर दुकानात अर्ध्या गावाला ‘डोस जास्त घेऊ नका’ म्हणून बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या रोपांना लाडाने बुडवून मारलं होतं.

त्यांनी ट्रे पलंगाखाली सरकवला आणि खुर्चीत बसून राहिले. उद्या सगळ्यांसमोर काय दाखवायचं? आणि ब्रेक! ब्रेक तर तोंडभरून सांत्वन करणार. त्या सांत्वनाच्या नुसत्या कल्पनेनेच त्यांच्या अंगावर काटा आला.

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर मिलीग्रॅम चमचा आणि साबणाची डबी घेऊन गच्चीवर गेले. आजवर दुकानातली एक गोळीही त्यांनी पैसे न देता घरी आणली नव्हती. तरी चोरी करतानाही शिस्त सुटली नाही: चमचा खोलवर घालून मुळाभोवतीच्या मातीसकट रोप उचललं, आणि नाजूक देठाला हात न लावता पानाला धरून डबीत ठेवलं. थोडी रोपं साडूंसाठी सोडली. सगळीच उचलायला आपण काही चोर नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

जिन्यात बायको समोर आली. कपडे वाळत घालायला निघाली होती.

“साबणाची डबी घेऊन कुठे?”

“साबण... वाळवायला नेला होता.”

तिने डबीच्या फटीतून बाहेर आलेलं हिरवं पान पाहिलं, नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि “बरं,” म्हणून वर गेली.

संध्याकाळी ब्रेक धापा टाकत आले. “साडूभाऊ, माझ्याकडेही उंदीर!”

मिलीग्रॅमनी सापळा काढून त्यांच्या हातात दिला.

रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मिलीग्रॅमनी धुतलेल्या ट्रेमध्ये रात्रभर सावरलेली ती ठेंगणी, टवटवीत रोपं समोर ठेवली. माती कशी असावी, पाणी वरून न ओतता ट्रे पाण्यात टेकवून खालून कसं द्यावं, कोंब दिसताच झाकण का काढावं, पहिल्या जोडीनंतरची खरी पानं आल्यावर रोपं मोठ्या कुंडीत कशी हलवावीत, हे सगळं ते सांगत होते. एकेक शब्द बरोबर होता. आपण यातलं काहीही केलेलं नाही, हे बोलताना त्यांना क्षणोक्षणी टोचत होतं.

बोलणं संपलं आणि ब्रेक उठून उभे राहिले. त्यांचा पाय जमिनीवर दाबला गेला.

“मला काहीतरी सांगायचंय,” ते म्हणाले. “काल रात्री झोप लागली नाही मला. माझं बी एकही उगवलं नव्हतं. गच्चीवरची माझी रोपं, ती साडूभाऊंच्या ट्रेमधली. मी पळवली. उंदीर म्हणजे मीच.”

सगळे हसले. ब्रेक हसले नाहीत.

“आणि ह्यांना ते कळलं होतं! ह्यांच्यासारख्या माणसाला कळणार नाही का? गच्चीवर येऊन माझ्या ट्रेकडे किती वेळ बघत होते! पण अक्षर काढलं नाही. काल माझ्या ट्रेत खराच उंदीर शिरला, मी उंदीर उंदीर करत गेलो, तर निमूट माझा सापळा माझ्या हातात ठेवला. वर्मावर बोट ठेवलं, पण चारचौघांत लाज नाही काढली. असा साडू मिळायला भाग्य लागतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरीबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मिलीग्रॅम ट्रे हातात घेऊन उभे. आपण चोर नाही, आपलीच रोपं आपण आणली, हे ध्यानात आल्यावर आधी जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी कळलं, की आपल्यापाशी राहिली ती सगळी मेली. चोरीला गेली तेवढीच जगली. आणि आपल्या वस्तूची का होईना, चोरी करायला आपण गेलो होतोच. कोपऱ्यात बायको उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पदराने हसू झाकत होती.

संध्याकाळी मिलीग्रॅम वरच्या मजल्यावर गेले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “मला काहीही कळलं नव्हतं. मला तो खरंच उंदीर वाटला. माझी रोपं मेली म्हणून मी तुमच्या ट्रेमधली चोरली. काल दुपारी. चमच्याने.”

ब्रेकचे डोळे भरून आले. त्यांनी मिलीग्रॅमचे दोन्ही हात धरले. “बास करा हो. माझी शरम कमी व्हावी म्हणून आता स्वतःवर आळ घेता?”

“अहो, खरं सांगतोय! हिला विचारा. जिन्यात हिने पाहिलंय मला.”

बायको बहिणीला भाजी निवडू लागत होती. तिने मान वर केली. “मी? मी काही नाही पाहिलं बाई. साबण वाळवायला गेले होते हे.”

“बघ,” ब्रेक आपल्या बायकोला म्हणाले, “खोटं बोलायचीसुद्धा सवय नाही ह्या माणसाला. कसे अडखळतायत.”

त्या दिवसापासून मिलीग्रॅमच्या मोठ्या मनाची कीर्ती जिन्याजिन्यातून पसरली. मोठं मन सांभाळणं हे औषधं सांभाळण्याहून कठीण निघालं. कुणी छत्री मागून नेई आणि परत आणत नसे. तळमजल्यावरचे शिंपी आपला रेडिओ त्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावत. मिलीग्रॅम आतल्या आत धुमसत, पण तोंडावरचं हसू हलू देत नसत. ब्रेक तर ‘राग मानू नका’ म्हणायचंच विसरून गेले. चूक दिसली तरी कौतुक करायचे, आणि मिलीग्रॅमना त्याचा फार त्रास होई.

त्यांनी पुन्हा बी पेरलं. कोंब दिसताच झाकण काढलं, फवारणीची बाटली बायकोच्या ताब्यात दिली आणि ट्रे सरळ गच्चीवर उन्हावाऱ्यात नेऊन ठेवला. रोपं अशी झाली, की बघत राहावीत.

एका सकाळी ते वर पोचले तेव्हा सेक्रेटरीबाई तो ट्रे दोन्ही हातांनी उचलून जिन्याकडे निघाल्या होत्या. मिलीग्रॅमना पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. उलट प्रसन्न हसल्या.

“भाचीच्या बागेसाठी नेते हं सगळी. तुम्ही काही बोलणार नाही, ठाऊक आहे मला.”

मिलीग्रॅमनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. “देठाला हात लावू नका,” एवढंच म्हणाले. मग खाली आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी बायकोला विचारलं, “अगं, ते बी उरलंय ना? या वेळी चार माणसांना पुरेल एवढं पेरतो. अंदाजानेच.”