पिंकीच्या कागदावर मी उमटलो नाही

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच राजेमहाराजांच्या काळात जाऊ नका. माझं वय जेमतेम नऊ वर्षांचं. पण ज्याला कुणी हातात घेत नाही तो लवकर जुना होतो, आणि मला तर गेल्या चार वर्षांत कुणी हात लावलेला नाही. सोलापुरातल्या एका सार्वजनिक शाळेच्या कपाटात, तुटक्या फूटपट्ट्या आणि वाळून गेलेली शाईची डबी यांच्या संगतीत मी पडून असतो. पितळेवर हिरवट डाग चढलेत. दिसायला मी आता अगदीच बापुडवाणा झालो आहे.

माझा जन्म नवी पेठेतल्या एका बोळात झाला. तिथं यशवंत नावाचा कारागीर रबराचे शिक्के मशीनवर पाच मिनिटांत काढून द्यायचा. या शाळेचे मुख्याध्यापक मल्लिकार्जुन सर त्याच्याकडे आले आणि पितळेचाच हवा, हातानं कोरलेलाच हवा म्हणून अडून बसले. यशवंतनं त्यांना खूप समजावलं. हल्ली पितळेचा शिक्का कोण करतो, सर, गिऱ्हाईक पण हसंल, असंही सांगून पाहिलं. सर ऐकेनात. शेवटी त्यानं चार दिवस घालवून माझ्या तोंडावर उलटी अक्षरं कोरली. कागदावर ती सुलटी उमटली तेव्हा तिथं लिहिलेलं होतं, 'दोन भाषांत प्रवीण'.

सरांचं घर मूळचं अक्कलकोटकडचं, कन्नड बोलणारं. लहानपणी वर्गात कन्नड बोलले म्हणून त्यांना अख्खा तास उभं केलं होतं, आणि ते उभं राहणं ते कधी विसरले नाहीत. त्यांच्या शाळेतही घरी तेलुगू बोलणारी विणकरांची मुलं होती, दखनी बोलणारी होती, कन्नड बोलणारी होती. ही मुलं दिवसभर दोन भाषांमध्ये ये-जा करायची आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या पदरात काय पडायचं, तर मराठीतल्या चुका. दुसरी भाषा जणू घराच्या उंबऱ्यातच सोडून यायची. सरांना हे खुपायचं. म्हणून त्यांनी दर शनिवारी ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेची लिपी शिकवायचे वर्ग काढले आणि दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी एक प्रमाणपत्र छापून घेतलं. त्यावर उमटणं हे माझं काम.

पण सर मला असं सहजासहजी उमटू द्यायचे नाहीत. आधी लेखी, मग तोंडी, आणि शेवटी त्यांची आवडती परीक्षा. मुलानं घरातलं एक वडीलधारं माणूस आणायचं, ज्याला मराठी वाचता येत नाही असं. त्या माणसानं घरातला एखादा मराठी कागद निवडून आणायचा आणि तो मुलाला आधी दाखवायचा नाही. मुलानं तो सगळ्यांसमोर मराठीत मोठ्यानं वाचायचा आणि मग आपल्या भाषेत सांगायचा. जे लिहिलंय तेच, कमी नाही, जास्त नाही. घरच्या माणसानं 'समजलं' म्हटलं, की मला उचलून कागदावर दाबायचा मानही त्याच माणसाचा. भाषा घरच्यांनी दिली, तर शिक्काही त्यांनीच मारायचा, असं सरांचं म्हणणं होतं.

माझे ते दिवस मोठ्या थाटाचे होते. एका तेलुगू आजीबाईंनी चाळीच्या कमिटीचं पत्र आणलं होतं. नातवानं ते वाचलं, तर त्यात आजीबाईंच्याच शेळीबद्दल तक्रार. नातू बिचारा घाम पुसत पुसत सगळं सांगत गेला, एक शब्द गाळला नाही. आजीबाई कमिटीवर इतक्या भडकल्या, की तो सगळा राग त्यांनी मला दाबताना काढला. कागद फाटतो की काय अशी मला धास्ती वाटली. एकदा वर्तमानपत्रात आमचा फोटोही आला. त्यात सरांचा अंगठा छान दिसत होता. मी त्या अंगठ्याच्या मागं होतो.

पुढं शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यानं आमच्या परीक्षेचं नाव ऐकलं. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला त्यांनी एक खिडकी सुरू केली होती. शिक्का मिळालेल्या एका मुलाला दरवर्षी तिथं बसवायचं आणि पुढं नर्सिंगचं शिक्षण द्यायचं, असं ठरलं.

आणि मग पिंकी आली.

पिंकी आजीजवळ राहायची. वडील सिद्धप्पा ट्रकवर होते, आज टेंभुर्णीला तर उद्या आणखी कुठं. आई तिच्या लहानपणीच गेली होती. आजीचं नाव शिवबाई. ती सीमेवरच्या खेड्यातून आलेली, बाजारात मेथीची जुडी मागण्यापुरतं मराठी बोलायची, बाकी सगळं कन्नड. पिंकीच्या दोन्ही भाषा अशा होत्या, की सर तिला मुद्दाम पुढं बसवून तिच्याकडून वाचून घ्यायचे. तिला दवाखान्याची ती खिडकी हवी होती. 'तुला हे काम का करायचं आहे' या प्रश्नापुढं तिनं अर्जात एवढंच लिहिलं होतं, 'लहान मुलांना सांगायला लागू नये म्हणून.' सरांनी ते वाचलं, त्यांना वाटलं वाक्य अर्धवट राहिलंय, आणि त्यांनी कागद खाली ठेवला. मीही फार विचार केला नाही.

परीक्षेच्या दिवशी शिवबाई नवं लुगडं नेसून आली होती. पिंकीनं लेखी आणि तोंडी परीक्षा हसतखेळत पार केली. मग शिवबाईनं कमरेच्या पिशवीतून एक घडी काढली. ती दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स होती. घड्यांवर कागद इतका विरला होता, की सरांनीच तो हलक्या हातानं उलगडून दिला. शिवबाई कन्नडमध्ये म्हणाली, की चार वर्षं हा कागद ती नातीला वाचायला सांगत होती आणि नात म्हणायची हा इंग्रजीत आहे. आता ती शिकून मोठी झाली, आज गुरुजींसमोर वाचू दे. आपला नवरा बिरप्पा बरा होणार असं सांगून डॉक्टरनं आपल्याला फसवलं आणि तो त्याच दिवशी गेला, तर त्या डॉक्टरनं या कागदात काय लिहून ठेवलंय ते तिला ऐकायचं होतं.

कागद इंग्रजीत नव्हता. स्वच्छ मराठीत होता.

पिंकीनं तो हातात घेतला, पण वाचायला सुरुवात करेना. सरांना वाटलं अक्षर लागत नसेल. त्यांनी हळूच आठवण करून दिली, वाच बाळ. मग तिनं वाचलं. शब्द सगळे स्पष्ट कळत होते.

"रुग्णाची प्रकृती अत्यंत गंभीर आहे. आजचा दिवस निघणे कठीण आहे. नातेवाइकांना बोलावून घ्यावे व पत्नीने रुग्णाजवळ थांबावे, याची पूर्ण कल्पना पत्नीस नात पिंकी हिच्यामार्फत कन्नडमध्ये दिली आहे."

खाली शिवबाईचा अंगठा होता. शिवबाईला यातलं काही समजलं नाही. ती आशेनं नातीच्या तोंडाकडं बघत बसली होती. सरांचा मात्र चेहरा उतरला.

मग पिंकीनं तो कागद कन्नडमध्ये सांगितला. इतकं सुंदर कन्नड मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, यात लिहिलंय की आजोबांना बरं वाटत होतं. डॉक्टरांनाही वाटलं होतं उतार पडेल. पण एकाएकी झालं, त्यात कुणाचाच दोष नाही, ना डॉक्टरांचा, ना आजीचा. आणि खाली लिहिलंय, की जाताना त्यांनी दोनदा विचारलं, शिवबाई कुठं आहे.

शिवबाईनं पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नाक पुसून म्हणाली, "तिळीतु." म्हणजे समजलं. आणि तिनं हात पुढं करून मला उचललं.

मित्रांनो, मला शाईचा ओलावा लागला. मी प्रमाणपत्राच्या वर आलो. मला खाली पिंकीचं नाव दिसत होतं. आणि त्या नावावर एकदम पिंकीचा पंजा येऊन पडला.

"सर, शिक्का नका मारू देऊ," ती मराठीत म्हणाली. "मी खरं सांगितलं न्हाय."

"कळलं मला," सर म्हणाले.

शिवबाई विचारू लागली, काय झालं, काय झालं. पिंकीनं तिला कन्नडमध्ये सांगितलं, की माझ्या वाचण्यात दोन चुका झाल्या, शिक्का मिळणार नाही. मग जी शिवबाई सरांवर उखडली! चार वर्षांत कुणी सांगितलं नाही ते माझ्या लेकरानं सांगितलं आणि तू चुका काढत बसतोस, तू स्वतः कन्नड आईच्या पोटचा ना रे, असं ती तोंडावर बोलली. सरांना एका शब्दानं आपली बाजू सांगता आली असती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला तिनं टेबलावर आपटलं, त्याचा पोचा अजून माझ्या कडेला आहे.

दुसऱ्या दिवशी पिंकी एकटी आली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट तिनं सरांना सांगितली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. वडील ट्रकवर, फोन लागत नव्हता. डॉक्टरांना कन्नड येत नव्हतं आणि आजीला मराठी. कुणीतरी म्हणालं, पोरगी हुशार आहे, दोन्ही भाषा बोलते, तिलाच सांगा. डॉक्टरांनी तिला सांगितलं आणि घाईत पुढच्या खाटेकडं गेले. आजी तिच्या तोंडाकडं बघत होती. पिंकीच्या तोंडून निघालं, आजोबा दोन दिवसांत बरे होणार आहेत. ते ऐकून आजीनं हसत कागदावर अंगठा दिला, आणि गावाकडं मुकी जनावरं उपाशी आहेत म्हणून दुपारची एसटी धरून निघून गेली. बिरप्पा संध्याकाळी गेला. त्यानं खरोखरच दोनदा विचारलं होतं, शिवबाई कुठं आहे. ते ऐकायला खाटेशी पिंकी एकटी होती.

सर म्हणाले, दुसरा एखादा कागद आण, मी आजच परीक्षा घेतो, कुणाला कळणारसुद्धा नाही.

"दुसऱ्या कागदावर शिक्का मिळंल की सर," पिंकी म्हणाली. "पन त्या खिडकीत बसल्यावर कुणाला मरनाचं सांगायची येळ आली, तर माज्या तोंडातनं निगंल का? मला भाषा येती. सांगता येत न्हाय."

"ती चूक तुझी नव्हती, पोरी. तुला सांगायला लावणाऱ्यांची होती. आणि काल परत तेच तुझ्याकडून वाचून घेतलं ते मी."

पिंकीनं अर्ज परत मागितला आणि तो घेऊन गेली. सरांनी रजिस्टर उघडून तिच्या नावापुढं लिहिलं, 'दोन्ही भाषा उत्तम. शिक्का नाही.' लिहून झाल्यावर ते मला मुठीत धरून बसून राहिले. घरून कागद आणवण्याची युक्ती त्यांचीच होती आणि तिचा त्यांना केवढा अभिमान होता. लोकांच्या घरातल्या घडीत काय काय ठेवलेलं असतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी आणखी परीक्षा घेतली नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांनी मला एकदा उचलून पाहिलं, हे काय आहे म्हणून विचारलं, आणि कपाटात ठेवून दिलं.

शाळेत झाडलोट करणाऱ्या रंभाबाईंकडून अधूनमधून बातमी कळते. पिंकी आता नवी पेठेत एका चादरी-टॉवेलच्या दुकानात उभी असते. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, सगळ्यांशी गोड बोलते, मालक खूश आहे. शिवबाईनं त्या दिवसापासून डॉक्टरला शिव्याशाप देणं बंद केलं, दोन घास जास्त जेवते. पिंकी मात्र दवाखान्याच्या रस्त्यानं जात नाही. लांबचा वळसा घालते.

मी एकंदर एक्केचाळीस कागदांवर उमटलो. खरं सांगायचं तर ते सगळे मला नीट आठवत नाहीत. ज्यावर उमटलो नाही तो एक कागद मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. मला त्या मुलीचं फार वाईट वाटतं, मित्रांनो. माझ्या अंगावर कोरलेले शब्द तिच्याइतके खरे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नव्हते.

माझ्यासारख्या वस्तूनं शेवटी म्हणायचं असतं, की मला जपा, मला पुसा, मला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझं पितळ घासून कुणाचं काही भलं होणार नाही. मागणं आहे ते निराळंच. तुमच्यातल्या ज्यांना दोन भाषा येतात, त्यांना आज ना उद्या कुणीतरी पुढं करणारच, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कचेरीत. लोक म्हणतील, हे हुशार आहे, ह्याला सांगा. त्या वेळी एक वाक्य तुम्हाला आलं पाहिजे. 'मला बोलता येतं, पण मी लहान आहे, हे सांगायला मोठं माणूस बोलवा.' एवढंच वाक्य. ते तुमच्या दोन्ही भाषांत पाठ करून ठेवा. पिंकीला ते कुणी शिकवलं नव्हतं. जो तो तिच्या दोन भाषांचं कौतुक करत होता.